लिमिट नाही

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर वडील म्हणाले, "सही आली, आता शाळा बास," आणि हात थांबला तो थांबलाच. हे चकलांब्यात राहिलेल्या माझ्या थोरल्या जावेसाठी, आक्कासाठी लिहिते, आणि ज्या बाया पोरांच्या शिक्षणापायी बीडला खोली करून राहिल्या त्यांच्यासाठी. दाखवायचा धीर होईल की नाही, माहीत नाही.

निघालो त्या सकाळी टँकर आला नव्हता. आक्का, तू तुझ्या घागरीतलं पाणी माझ्या बाटलीत ओतलंस आणि तोंड फिरवलंस. मालक बैल घेऊन आधीच चारा छावणीवर गेले होते. मी, माझी अर्चना, ज्वारीचं अर्धं पोतं आणि स्टोव्ह, एवढंच एसटीत चढलं. तिला बारावी सायन्स करायचं होतं, आणि गावात तेव्हा सायन्स नव्हतं. सासूबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "घर कुणाच्या जिवावर सोडलंस गं?" 

बीडला मी एका मेसमध्ये भाकरी थापायचे. अर्चना खोलीत भिंतीला टेकून गणितं सोडवायची. गावात गणितात पहिली येणारी पोर, इथं सगळं इंग्रजीत. आकडा घातला की वरही शून्य, खालीही शून्य. ती खोडायची, परत घालायची, पुन्हा तेच. खोडून खोडून कागद फाटायचा. रडताना आवाज करायची नाही, त्याचाच मला जास्त घोर लागायचा.

आम्हाला लिमिट हा शब्द एकाच कामाचा माहीत. गावच्या सोसायटीतून पिकासाठी जेवढं कर्ज उचलता येतं, ते आपलं लिमिट. त्या साली पेरण्यासारखं काही उरलं नव्हतं. पहिल्या हप्त्यातून क्लासची फी भरली. दुसरा हप्ता मिळाला तर परीक्षेपर्यंत खोली टिकणार होती, नाहीतर पोरीला घेऊन परत.

एका संध्याकाळी मी पीठ मळत होते. अर्चना पुटपुटत होती, "डावीकडून उणे एक. उजवीकडून अधिक एक. लिमिट नाही." परत म्हणाली, "लिमिट नाही."

माझे हात पिठातच राहिले. मला वाटलं, घरमालकिणीकडं मालकांचा फोन येऊन गेला, आणि आईला कसं सांगायचं याची पोर उजळणी करतेय. विचारलं नाही. विचारलं तर खरं होईल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी क्लासवर गेले. परक्या माणसाशी मान वर करून मी कधी बोलले नव्हते. पदर तोंडाशी धरून म्हटलं, "सर, पोरीला घिऊन जाते. आमचं लिमिट न्हाई."

सर फळा पुसत होते. "त्याच्यासाठी कशाला न्यायची? निम्म्या वर्गाचं तेच हाय, बाई."

मला वाटलं, निम्म्या जिल्ह्याच्या सोसायट्या बसल्या. "मंग ती लोकं काय करतेत?"

"सराव करतेत. लिमिट बसलं की डेरिव्हेटिव्ह बी येतं."

"ते बी सोसायटीच देती का?"

सरांचा हात थांबला. कोणती सोसायटी म्हणून विचारलं. मी सांगितल्यावर हसले, आणि माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी डस्टर खाली ठेवलं. मग म्हणाले, तो एक धडा आहे. आकडा दुसऱ्या आकड्याच्या जवळ जवळ जातो, तेव्हा उत्तर कुठं चाललंय ते बघायचं. दोन बाजूंनी दोन ठिकाणी चाललं असेल, तर लिमिट नाही. मला एवढंच कळलं. तिला सकाळच्या वर्गालाही बसवा म्हणाले, वेगळी फी नको.

अर्चना हसली नाही. "मला न इचारता न्यायला निघालतीस?" एवढंच म्हणाली, आणि ताट सरकवलं. मग बोलली, "आई, तिथं मला काहीच कळत न्हाई. तू दिवसभर भाकरी थापतीस, तुला कोण्या तोंडानं सांगू?"

त्यानंतर ती उजाडायच्या आत जायची. आधी लिमिट, मग डेरिव्हेटिव्ह, पानंच्या पानं. कधी उत्तर जुळायचं, कधी नाही.

दिवाळीनंतर सोसायटीनं दुसरा हप्ता खरोखरच दिला नाही. तरी मालकांनी पैसे पाठवले. मी फोनवर बैलांचं विचारलं. "हायती की छावणीत," म्हणाले, पण आवाज बसला होता. बैल विकले हे मी ओळखलं, पोरीला सांगितलं नाही.

ती पास झाली, इंजिनिअरिंगला पुरतील एवढे मार्क पडले नाहीत. बीएस्सी केलं, आता अकरावीच्या पोरांना गणित शिकवते, आधी मराठीत, मग इंग्रजीत. मालक इथं एका होस्टेलवर राखणीला आहेत. पहाटे उठून दारात येतात, गोठा शोधल्यासारखे उभे राहतात, आणि परत आत येतात.

गावी जायचे तेव्हा मी चोरासारखी जायचे. कुठं राहता विचारलं की म्हणायचे, हितंच. कर्ज ठेवून गाव सोडलं, असं कुणी म्हणू नये म्हणून. या उन्हाळ्यात अर्चनाच्या पगारातून शेवटची रक्कम भरायला सोसायटीत गेले. सचिवांनी बेबाकीचा दाखला लिहायला घेतला आणि विचारलं, "सध्या राहणार कुठं, वहिनी?"

"बीडला," मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. पैसे सगळे फिटले होते.