आंधळ्या जादूगाराची नक्कल

अंबाजोगाईला आम्ही दोघी चित्रकलेच्या वर्गात होतो आणि एकाच खोलीत राहायचो. ती पाटोद्याकडची. घरचे ऊसतोडीला गेले की महिना महिना त्यांचा फोन लागायचा नाही. हात मात्र असा, की तिच्या शेजारी बसून चित्र काढायची मला लाज वाटे.

दुसऱ्या वर्षी सरांनी एका जुन्या छापचित्राची प्रत नकलेला दिली. चर्चच्या भिंतीवर टांगायचा पडदा विणण्यासाठी एका इटालियन चित्रकारानं काढलेलं चित्र दुसऱ्या कुणीतरी तांब्याच्या पत्र्यावर कोरलं आणि कागदावर छापलं, असं सरांनी सांगितलं. प्रसंग असा : संताला आडवा येणारा जादूगार भर दरबारात आंधळा होतो. हात पुढं करून तो चाचपडतोय.

माझ्या कागदावर ते हात लाकडासारखे येत. ती नाक कागदाला टेकवून काढायची, आणि तिचे हात खरोखर काहीतरी शोधायचे. एका संध्याकाळी ती जिन्यात पडली. मी उठवलं तेव्हा म्हणाली, "मला कडंचं दिसत न्हाई गं. डाक्टर म्हणले, वाढत जाणार. सरांना सांगू नको, काढून टाकतील."

दुसऱ्याच दिवशी मी सरांना सांगितलं. काळजीच्या आवाजात सांगितलं.

सर वर्गात आले. "हे हात तुम्हाला जमत नाहीत, कारण तुम्हाला दिसतं. आपल्याकडं तर मॉडेल घरचंच आहे." त्यांनी तिला पुढं बोलावलं, तिच्याच ओढणीनं डोळे बांधले, गोल फिरवलं. "आता दार शोध."

ती स्टुलाला अडखळली. पोरं हसली. एकानं ते स्टूल उचलून पुन्हा तिच्या वाटेत ठेवलं.

"बोटं फाकव. बास, तशीच थांब," सर म्हणाले.

ती पाऊण तास तशीच उभी राहिली. डोळ्यांवरची ओढणी ओली झालेली मला दिसली. तो ओला डागही मी कागदावर उतरवला, सावलीला बरा होता. त्या दिवशी माझे हात पहिल्यांदा जिवंत आले. सरांनी ते चित्र प्रदर्शनात लावलं, मला बक्षीस मिळालं.

तिनं सामान बांधायला घेतलं. मी कॉटवर बसले होते.

"तूच सांगितलंस ना? कावून?"

"न्हाई गं, आईशप्पथ."

तिनं तिचे सगळे ब्रश माझ्या उशाशी ठेवले आणि गेली.

आता मी गेवराईकडं एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या वर्षी बसस्टँडवर ती दिसली, नवऱ्याचा दंड धरून उभी. माझ्या तोंडून तिचं नाव निघून गेलं. तिनं लगेच मान वळवली, पण माझ्या डाव्या बाजूला, खांबाकडं.

"कोण हाय? आवाज वळखीचा वाटतोय."

नवरा माझ्याकडं बघत होता. मी म्हणाले, "माफ करा, मला दुसरंच कुणी वाटलं."

"असू द्या ताई," ती हसून म्हणाली. मी समोर उभ्या असलेल्या गाडीत चढले. ती गाडी कुठं जाते, हे मला तिकीट काढताना कळलं.