चाखून न पाहिलेले वेफर्स

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना दोष. वर्गातही मी बाकांच्या रांगांमधून फिरत शिकवायची आणि मुली माना वळवून कंटाळायच्या. कुणी मत विचारलं की ते सांगून मोकळं व्हायची मला घाई असे. बाई झटपट निर्णय देतात, असं शाळेत म्हणत. मी ते ऐकून फुगत असे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी तिसगावच्या शाळेत गृहविज्ञान शिकवत होते. गावातल्या एका महिला मंडळाने भाज्यांचे वेफर्स करायला घेतले होते. गाजर, बीट, कारलं, भोपळा यांच्या पातळ चकत्या उन्हात वाळवायच्या, तळायच्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायच्या आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवायचं. बटाट्याच्या वेफर्सची चकचकीत पाकिटं तोवर टपऱ्यांवर लटकायला लागली होती. आपली पाकिटं त्यांच्या शेजारी लटकली तर लोकांनी आपली का घ्यावीत, हा बायकांपुढचा प्रश्न होता. ते तब्येतीला चांगले आहेत, असं कुणीतरी शिकलेल्या माणसाने लिहून द्यायला हवं होतं. म्हणून मला बोलावणं आलं.

मी गेले त्या दिवशी संकष्टी चतुर्थी होती. माझे वडील जामखेडला भावाकडे राहत. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेले, शब्दाला पक्के. त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा डॉक्टरांनी मीठ जवळपास बंदच केलं, पापड-लोणची पानातून गेली, आणि मी त्यांच्यासाठी चतुर्थी धरायला सुरुवात केली. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून हे.

मंडळाच्या प्रमुख बाईंनी ताटली पुढे केली. "वाईच चाखून तर बगा, बाई." मी चतुर्थी आहे म्हटल्यावर ताटली लगेच मागे गेली. उपास असलेल्या माणसाला आमच्याकडे कुणी आग्रह करत नाही, उलट आपण विचारलं याचीच त्यांना चुटपुट लागली. माझ्यासाठी केळी आली, दूध आलं. उद्या येऊन चाखते, एवढं म्हणायचं होतं. पण उद्यापर्यंत थांबायचं कोणी?

मग मी माझं शास्त्र सुरू केलं. जुन्या वर्तमानपत्रावर चकत्या दाबून तेलाचा डाग पाहिला, तो बेताचा वाटला. तेल पुन्हा पुन्हा वापरता का, विचारलं. नाही म्हणाल्या. वरून मीठ लावता का, विचारलं. "न्हाई बाई, चिमूटभर बी न्हाई," असं प्रमुख बाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. कोपऱ्यात एका घमेल्यात गाजराच्या चकत्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. मी त्यावरून नजर फिरवली आणि पुढे गेले. भाजी आहे, ती धुवायला टाकली असेल.

स्टेन्सिलवर माझ्याच हाताने मजकूर लिहिला, म्हणजे सायक्लोस्टाइल यंत्रावर त्याच्या प्रती काढून प्रत्येक पाकिटात चिठ्ठी टाकता येईल. ताज्या भाज्यांपासून बनवलेले. तेल बेताचे, मीठ कमी. पथ्य असणाऱ्यांनीही खाण्यास हरकत नाही. खाली माझी सही. शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते लिहिताना माझ्यासमोर वडिलांचं रिकामं पान होतं. जेवताना कुरकुरीत काहीतरी लागतंच, अशी त्यांची जन्माची सवय, आणि आता ते मऊ भाताकडे बघत बसायचे.

पहिली पाकिटं मी स्वतः जामखेडला नेऊन दिली. नंतर जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवत राहिले. वडिलांना आवडले, असा निरोप आला. मी खूश. तीन महिने मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटले होते की पथ्याचं खाणं बेचवच असायला पाहिजे असं काही नाही.

मग एक दिवस शाळेच्या फोनवर भावाचा आवाज आला. वडिलांच्या पायांना सूज होती, धाप लागत होती, दवाखान्यात ठेवलं होतं. मी तशीच निघाले. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी मी दाराशी उभी राहिले. कंडक्टर दोनदा बसा म्हणाला. बसून काय करणार होते?

दवाखान्यात वहिनी रडकुंडीला आली होती. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते की मीठ कुठून जातंय, आणि ती शपथेवर सांगत होती की स्वयंपाकात मीठ नाहीच. तिचं खरं होतं. बोलता बोलता पाकिटांचा विषय निघाला; ती वडिलांची म्हणून घरात दुसरं कुणी त्यांना हात लावत नसे. भावाने घरून एक आणलं. डॉक्टरांनी एक चकती तोंडात टाकली आणि हे पथ्याला चालतं असं कुणी सांगितलं, विचारलं. वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशीही चतुर्थी होती. मी त्या पाकिटात हात घातला आणि बिटाची चकती खाल्ली. मग गाजराची, मग कारल्याची. कारल्याचा कडूपणासुद्धा मिठाखाली दबला होता. जीभ चरचरली. ज्या माणसासाठी उपास धरला, त्याच्याच पानात मी त्या उपासापायी हे वाढलं होतं. मला स्वतःची चीड आली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

वडिलांना उतार पडतोय असं कळल्यावर मी तिसगावला येऊन थेट मंडळात गेले. भांडायच्याच तयारीने गेले होते. प्रमुख बाईंनी मला घमेल्यापाशी नेलं. चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून त्या रात्रभर दाट मिठाच्या पाण्यात ठेवत. "आमी काय लपवलं न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी वरचं मीठ इचारलं, आमी वरचं सांगितलं." चिठ्ठ्या काढून टाका, एवढंच मी म्हणाले. त्यांनी उरलेल्या सगळ्या आणून माझ्या हातात दिल्या.

पुढच्या रविवारी जामखेडला गेले. वडील घरी आले होते, खाटेवर उशीला टेकून बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. चतुर्थी, केळी, घमेलं, आणि मी एकही चकती चाखली नव्हती हे.

"खारट लागायचे गं," ते म्हणाले. "पण तू मीठ कमी लिहिलं होतंस. म्हटलं, इतके दिवस अळणी खाऊन आपलीच जीभ बिघडली असेल."

मग त्यांनी उशाशी ठेवलेली चष्म्याची डबी उघडली. आत माझ्या चिठ्ठ्या होत्या, एकावर एक नीट घडी केलेल्या, कडांना तेल लागलेल्या. प्रत्येक पाकिटातली त्यांनी काढून जपली होती. एकवीस होत्या. मी त्या घ्यायला हात पुढे केला. त्यांनी डबी मिटली.

"राहू दे," म्हणाले. "तुझं अक्षर आहे."

मी खाटेच्या कडेला बसले.