कुरडयांशेजारी वाळलेलं बॅनर

मिरवणुकीतला झेंडा तुम्ही कधी बोटांत धरून, चोळून पाहिलाय का? पाहा एकदा. पॉलिस्टरचा असतो. ज्या सोलापुरात घराघरात कोणी ना कोणी मागावर राबलंय, तिथं आपण आपला निळा रंग बाहेरून छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणतो.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या बैठकीत हे बोलून मी खाली बसायला हवं होतं. पण पत्रकं वाचत वाढलेल्या माणसाला एका मुद्द्यावर थांबता येत नाही. मी दुसराही मुद्दा मांडला. यंदा वस्तीतल्या बायका डीजेच्या मागून नाही, पुढून चालतील आणि त्यांच्या हातात त्यांनीच रंगवलेलं सुती बॅनर असेल.

मंडळाचे अध्यक्ष हसले. "ताई, आदल्या दिवशी सांजच्याला बॅनर दावा. झालं तर पुढं चाला. न्हाय झालं तर हायेच की आपली मागची जागा."

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी हो म्हटलं. रंगवायचं कसं, हे मी फक्त मोबाइलवर पाहिलं होतं.

चीनच्या नैर्ऋत्येकडच्या डोंगरांत याओ आणि बुयी लोक राहतात. तिथल्या बाया वितळलेल्या मेणानं कापडावर नक्षी काढतात, मग ते निळीत बुडवतात. शेवटी उकळत्या पाण्यात मेण सुटतं आणि मेणाखालचं कापड पांढरंच राहतं. यंत्र नाही, छापखाना नाही, ठेकेदार नाही. मला तर तो जाहीरनामाच वाटला.

नीळ, चुना आणि गूळ कालवून मी मोरीतल्या पिंपात मुरत ठेवलं. शेजारच्या तेलुगू अक्का नाकाला पदर लावून आल्या. "एम् वासनम्मा! मोरीत कोण मेलंय का?"

मेणासाठी विहारातले मेणबत्त्यांचे तुकडे गोळा केले. आईला ते पटेना. "वंदनेचं मेण हाय ते."

"आई, मेण वितळतं, विचार वितळत नाही."

"पत्रकात बोलू नको. तितं पातेलं उतू चाललंय."

बुयी बायांकडं मेण रेघायला खास सुरी असते. माझ्याकडं उलथनं होतं. जयंतीच्या आदल्या दिवशी पहाटे त्याच्या कोपऱ्यानं मी कापडावर लिहायला घेतलं: 'आम्ही पुढे चालणार'. अक्षरं जाड आली, पण ठाम होती. लिहून होईस्तोवर ऊन वर आलं, मग मी आंघोळीला गेले.

एप्रिलात आमच्याकडं घरात जे पसरलेलं दिसेल, ते गच्चीवर जातं. आईनं कापड उचललं आणि कुरडयांच्या शेजारी कडक उन्हात घातलं, कावळे बसू नयेत म्हणून वर चार दगडही ठेवले. मी ओले केस घेऊन वर पळाले. मेण पाघळलं होतं. सगळी अक्षरं बाळसं धरून एकमेकांना टेकली होती.

"आई, हे मेण आहे!"

"मला वाटलं वाळायचंय."

आता दुसरं कापड नव्हतं आणि वेळही नव्हता. मी रसवंतीवरून पोत्यात बर्फाची लादी आणली आणि मेण घट्ट होईपर्यंत कापड तिच्यावर निजवलं. रसवंतीवाला सायकलवरून मागोमाग आला, एवढ्या बर्फाचं घरात काय चाललंय ते बघायला. आईनं त्याला कुरडई दिली आणि वाटेला लावलं.

सांजेला कापड पिंपात बुडवलं. बाहेर काढलं आणि नेमके अध्यक्ष दारात उभे.

कापड हिरवंगार होतं.

"ताई, ह्यो तर पोपट झाला की!"

नीळ पिंपातून हिरवट निघते आणि वारा लागला की निळी होते, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. पण त्या क्षणी माझाच विश्वास उडाला. बघायला आलेल्या अक्का म्हणाल्या, "थांबा, कडंला काय तर होतंय." खरंच, कडेनं निळं चढत मध्याकडं सरकायला लागलं. अध्यक्ष आईनं दिलेला चहा न पिता, कप हातात धरून बघत राहिले.

आणखी दोन-चारदा बुडवून, वारा देऊन आम्ही ते उकळलं. मेण सुटलं. गर्द निळ्यावर पांढरी, गलेलठ्ठ अक्षरं वर आली. बर्फानं मेण तडकलं होतं, त्या भेगांतून शिरलेली नीळ प्रत्येक अक्षरात शिरांसारखी पसरली होती. वाचता येत होतं. लांबूनही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "झालंय खरं. पण डीजेवाल्याला शब्द दिलाय आमी. त्यो पुढंच असतोय."

आई पातेल्यातलं मेण खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्या गाडीला रिव्हर्स गेअर असंल की, दादा."

आधी अक्का हसल्या, मग रसवंतीवाला. तो परत कधी आला होता कोण जाणे. अध्यक्षांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी बॅनरची एक काठी आईच्या हातात होती, दुसरी अक्कांच्या. पहिल्याच चौकात डीजेवाल्यानं मागून हॉर्न मारला. कुणी वळून पाहिलं नाही.

तुमच्या गल्लीतली मिरवणूक कशाचीही असो, पुढच्या बैठकीला जा. बायका कुठं चालणार, ते आधी ठरवून घ्या. डीजेचा विषय त्यानंतर. आणि 'बघू' एवढ्या उत्तरावर उठू नका.