नगरची निजामशाही, माझा मूडबोर्ड आणि आईची मळखाऊ साडी

लग्न ठरलं की बाकीच्या मुली कपडे शोधतात. मी पुण्यात कपडे डिझाइन करते, त्यामुळे मला आधी प्रेरणा शोधावी लागते. सरळ दुकानात जाऊन "दादा, तो जांभळा दाखवा" म्हटलं, तर धंद्यात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. म्हणून मी महिनाभर ऐतिहासिक सिनेमे पाहिले. त्यातून एवढंच कळलं की जुन्या काळच्या राण्या दिवसभर जिने उतरायच्या आणि त्यांच्या मागे ओढणी उचलायला दोन माणसं असायची. आमच्या मंगल कार्यालयाला लिफ्ट आहे. मग एका संग्रहालयाच्या साइटवर निजामशाहीच्या काळातली चित्रं सापडली. आखूड चोळ्या, अंगाला लपेटलेल्या साड्या, लांब वेणीला गोंडे. आणि ही सगळी फॅशन कुठली, तर आमच्या नगरची! ज्या जिल्ह्यातून मी "इथे काही स्कोप नाही" म्हणत बाहेर पडले, तो चारशे वर्षांपूर्वी माझ्या पुढे होता.

सहलीचं खरं कारण मात्र मूडबोर्डवर, म्हणजे प्रेरणेच्या चित्रांच्या फळ्यावर, चिकटवण्यासारखं नव्हतं. माझी आई राहुरीला असते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. तीन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि तिच्या कपाटातले रंगही गेले. उरले ते राखाडी, फिकट बदामी आणि धुऊन धुऊन राखाडी झालेला बदामी. लग्नाचं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं: कन्यादानाला काका-काकू बसतील, ती मागच्या रांगेत बसेल. मी भांडले, रडले, स्त्रीमुक्तीवर भाषण दिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पोहे दिले. शेवटी मी फोनवर म्हटलं, "आई, मला लग्नासाठी रंग सुचत नाहीयेत, दोन दिवस नगरला चल माझ्याबरोबर." कच्च्या विद्यार्थ्याला नाही म्हणणं तिला कधीच जमलेलं नाही.

पुण्याहून सकाळी लवकर निघा. वाघोलीत अडकायचंच असतं, पण लवकर निघाल्याचं समाधान मिळतं. शिरूर ओलांडल्यावर रस्ता मोकळा होतो. सुप्याला चहासाठी थांबले. कारखान्यांच्या पहिल्या पाळीची मुलं निळ्या गणवेशात, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या लावून, वडापाव खात उभी होती. मागच्याच वर्षी हाच पट्टेदार प्रकार एका फॅशन शोमध्ये पाहून आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. इथे कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.

आई राहुरीहून एसटीनं तारकपूर स्टँडवर उतरली. राखाडी साडी, हातात डबा. आम्ही आधी चांदबिबीच्या महालाकडे गेलो. गाडी वरपर्यंत जाते, वारा भरपूर आहे आणि महाल चांदबिबीचा नाही, ते दुसऱ्याच एका सरदाराचं थडगं आहे. भिंतीवर बदाम काढून नावं लिहिणाऱ्या प्रेमिकांना याची कल्पना नसावी. दुपारी फराहबागेत. रस्ता लष्कराच्या हद्दीतून जातो, ओळखपत्र जवळ ठेवा. कोरड्या तलावाच्या मधोमध उभा असलेला तो पडका महाल बघून मी "टेक्स्चर, टेक्स्चर" करत फोटो काढत सुटले. आई सावलीत बसून माझ्या मोबाईलवरची चित्रं बोटांनी मोठी करून पाहत होती.

"या बाईचा हिरवा बघ," ती म्हणाली. "किती वर्षं झाली, उडाला नाही."

"तू नेस ना असा. लग्नात."

"मी मागे बसणार. मागे बसणाऱ्याला कोण बघतंय?" तिनं मोबाईल परत दिला. मग मी आणखी एका भिंतीचा फोटो काढला, कारण डिझायनर लोक रडत नाहीत, संदर्भ गोळा करतात.

संध्याकाळी कापड बाजार. गाडी लांब लावा आणि चालत जा. दुकानदारानं गादीवर पन्नास साड्या उलगडल्या. प्रत्येक साडीला तो "सिनेमातली" म्हणत होता. कुठल्या सिनेमातली, विचारलं की "चालू हाय आता" असं उत्तर येई. आईनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"यापेक्षा मळखाऊ काही आहे का?"

"काकू, पोरीचं लगीन हाय ना? मळखाऊ तर सतरंजी असती," दुकानदार म्हणाला. आईला हसू आलं, पण घेतली तिनं सतरंजीच. म्हणजे तशा रंगाची साडी. कन्यादानाच्या दिवशी मागे बसायला. रात्री स्टेशनजवळच्या लॉजवर (खोली दोन हजारांच्या आत, उशा दगडाच्या) ती पिशवी मी पलंगाखाली ढकलून दिली.

दुसऱ्या दिवशी कर्जतकडे. सोलापूर रस्त्यानं मिरजगावपर्यंत जा आणि तिथे शिपी आमटी खा. डोळ्यांतून, नाकातून पाणी येतं, पण भाकरी कुस्करत माणूस थांबत नाही. मला कर्जत तालुक्यातल्या एका गावी जायचं होतं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तुम्ही माझ्यासारखेच असाल. तिथल्या देवीला नवसाच्या इतक्या साड्या येतात की एकेक दिवस देवीला नेसवून झाल्यावर त्या देवळाशेजारच्या खोलीत प्रसाद म्हणून विकतात. एका मैत्रिणीनं सांगितलं होतं, "स्वस्तात जुन्या विणीच्या साड्या मिळतात." आमच्या धंद्यात भक्तिभाव असा असतो.

आणि ती मिळाली. पोपटी हिरवी, डाळिंबी काठ, पदरावर ओळीनं लहान कुयऱ्या. चित्रातली बाई जणू खाली उतरून साडी बदलून गेली होती. किंमत चारशे. खोलीत बसलेल्या मावशींनी घडी करता करता सहज विचारलं, "कोनाला घेताय? तुमालाच का?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मला माझी कल्पना सांगायची सवय आहे.

"हो, माझ्याच लग्नासाठी. याचं जॅकेट करणार आहे. काठ कापून बाह्यांना लावायचा, आणि पदराचा..."

मावशींचे हात थांबले. त्यांनी साडी उचलून सरळ स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"कापनार? देवीच्या अंगावरची हाय ही!"

"मावशी, वाया नाही जाणार. उलट नवीन रूप मिळेल तिला."

"तिला रूप हाय की! तुमी कशाला देताय?" रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं दाराबाहेर सांगितलं, आणि थोड्याच वेळात मी देवीला कात्री लावायला आलेली पुण्याची बाई झाले. "न्यायची तर नेसाया न्यायची," मावशी म्हणाल्या. "न्हाईतर ऱ्हाऊ द्या. तुमी नेसनार का?"

मला साडी नेसता येत नाही. हे वाक्य मी एका देवीच्या दारात, साड्यांच्या ढिगासमोर, लग्नाच्या तोंडावर मोठ्यानं उच्चारलं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर "भारतीय पेहराव" असं सोनेरी अक्षरांत आहे.

मावशींनी साडी पुन्हा ढिगावर ठेवली. तेव्हा मागून आई म्हणाली, "द्या. मी नेसते."

सगळ्या बायका तिच्याकडे वळल्या. आईचं मोकळं कपाळ सगळ्यांना दिसत होतंच. एक म्हातारी पुटपुटली, "हिरवी?" मावशींनी तिच्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांनी साडीची घडी उगाचच मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "नेसा बरं का खरंच. कपाटात ठिवायची न्हाई. तसं चालत न्हाई हितं."

"नेसते म्हटलं ना," आई शाळेतल्या आवाजात म्हणाली.

गाडीत बसल्यावर ती पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. मी किल्ली फिरवायचं विसरले होते.

"असं बघू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या कात्रीपासून वाचवली फक्त."

"आणि नेसणार कधी?"

"बघू." मी गाडी सुरू केली. नगर जवळ आल्यावर ती आपणहून म्हणाली, "शाळेत पोरांना सांगायचे, राखाडीला आपला रंग नसतो, तो शेजारच्या रंगाचं सोंग घेतो. माझ्या शेजारी आता कुणी नाही गं." मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि आम्ही दोघी रडलो. शेजारून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात होते. प्रवासवर्णनात हे लिहायचं नसतं, पण खर्चाच्या हिशेबात दोन रुमाल धरा.

आता हे सगळं राहुरीच्या घरी बसून लिहितेय. ज्यांना अशी सहल करायची आहे त्यांच्यासाठी: दोन दिवस पुरतात, मार्च ते मे जाऊ नका, आणि प्रेरणेचं म्हणाल तर माझ्या हाती शंभर भिंतींचे फोटो आले आहेत. त्यांचं काय करायचं ते मला माहीत नाही. मूडबोर्ड रद्द केला. आई मला रोज संध्याकाळी साडी नेसायला शिकवते आणि निऱ्या चुकल्या की हातावर फटका मारते. सतरंजीच्या रंगाची साडी कामवाल्या ताईंनीही नको म्हणून परत केली.

पोपटी साडी काल दिवसभर पलंगावर होती. आईनं तिला इस्त्री केली, फॉल लावला, पुन्हा इस्त्री केली. मी काही विचारलं नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. संध्याकाळी काकूचा फोन आला. कन्यादानाला बसताना कोणता रंग नेसू, हिरवा चांगला दिसेल ना, असं ती विचारत होती. आईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तू कोणताही नेस गं," ती म्हणाली. "आणि खुशाल पुढच्या रांगेत बस. कन्यादानाला मी बसणार आहे."