पाच वर्षांचे फ्रॉक

टेलरबाईंना टेप फारशी लागायचीच नाही. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढून आत येईपर्यंत खांदा, छाती, कंबर नजरेनंच मोजून झालेलं असायचं. टेप लावायची ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. नवऱ्यामागे तीस वर्षं याच एका खोलीच्या दुकानात बसून त्यांनी संसार ओढला होता, आणि अशा कष्टांनी माणसाला येतो तसा थोडा ताठाही त्यांना आला होता. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," असं त्या सांगायच्या. ऐकणाऱ्याला ते पटायचंही.

सून त्यांच्याच धंद्यातली. लग्नाआधी तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. हात इतका साफ, की टेलरबाईंनी पहिल्याच महिन्यात आपली कात्री तिच्या स्वाधीन केली. त्या कात्रीला त्या पोटच्या मुलालाही हात लावू देत नसत.

मग सुनेला मुलगी झाली. बाळ गुटगुटीत, रडणंही मोजकं. सून मात्र दिवसेंदिवस मिटत गेली. तोंड धुवायला गेली की नळ तसाच सोडून उभी राहायची. बाळ रडलं की आधी भिंतीकडे बघायची. मुलगा बाहेरगावी नोकरीला, शनिवारी येऊन रविवारी जाणारा. त्याला ती दमलेली दिसायची, एवढंच.

"रडू नकोस, दूध आटेल," टेलरबाई म्हणायच्या. "मी तर पंधराव्या दिवशी मशीनवर बसले होते."

ते खरंच होतं. पण खरं असलं म्हणून ते औषध होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? सुनेचे कपडे तिला ढगळ होऊ लागले, तेव्हा काही न विचारता त्यांनी ते दोन्ही बाजूंनी इंच-इंच आत घेऊन दिले. काम झालं, विषय मिटला.

बाळ अडीच महिन्यांचं झालं आणि एका सोमवारी सून आपणहून मशीनवर बसली. टेलरबाईंचा जीव भांड्यात पडला. घरातलं उरलंसुरलं कापड काढून ती लेकीसाठी फ्रॉक शिवू लागली. सहा महिन्यांचा, वर्षाचा, दोन वर्षांचा. रडणं थांबलं, चेहरा शांत झाला. गुरुवारी पाच वर्षांपर्यंतचे सगळे फ्रॉक इस्त्री होऊन तयार होते, आणि प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली: 'वय तीन. उंची वाढली तर खालची शिवण उसवावी, आत कापड ठेवलं आहे.'

शुक्रवारी दुपारी टेलरबाई त्यातले दोन दुकानात घेऊन आल्या. मिरवायलाच. समोरच्या शाळेतल्या बाई शिवायला टाकलेला ड्रेस न्यायला आल्या होत्या.

"बघा माझ्या सुनेचं काम. लेकीची पाच वर्षांची सोय लावून ठेवलीय."

बाईंनी फ्रॉक उलटा करून शिवण पाहिली. "सुरेख आहे हो. पण एवढी घाई कसली? सूनबाई कुठे लांब चालल्यात की काय?"

त्या आपल्या हसत बोलल्या. टेलरबाईही सवयीनं हसल्या, आणि मग त्यांची नजर फ्रॉकला टाचलेल्या चिठ्ठीवर गेली. वाढत्या पोरीचे कपडे इतके आधी कुणी शिवत नाही. शिवणारी बाई तर नाहीच नाही. आणि ती चिठ्ठी सुनेनं स्वतःसाठी लिहिलेली नव्हती. दुकान उघडं टाकून त्या निघाल्या.

घर दोन गल्ल्यांपलीकडे. त्या धापा टाकत पोचल्या, तेव्हा सून पलंगावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. टेलरबाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. आडून आडून विचारणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि त्या दिवशी ते फार बरं झालं.

"तू जीव द्यायचं ठरवलंयस का?"

सुनेनं हातातली घडी पुरी केली. "रविवारी," ती म्हणाली. "हे येऊन गेले की." मग ती घडी बाजूला ठेवत, "आई, तिला माझ्यापेक्षा कुणीही चांगलं सांभाळेल."

कसं, तेही तिनं सांगितलं. ते इथे लिहायची गरज नाही. टेलरबाई रागावल्या नाहीत, त्यांनी शपथ घातली नाही, बाळाकडे बोट दाखवलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाल्या. "मी नुसती बघत बसले, विचारलं नाही." एका कडेवर बाळ घेऊन, दुसऱ्या हातात सुनेचं मनगट धरून त्या तशाच दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळजणींना होतो आणि बराही होतो. औषधं दिली. तिला एकटं ठेवू नका, घरातलं धोक्याचं सगळं हलवा, असं बजावलं. आणि तिला विचारत राहा, विचारल्यानं काही वाईट होत नाही.

दुकान दीड महिना बंद राहिलं. मुलगा रजा टाकून आला. रोज सकाळी टेलरबाई सुनेजवळ बसायच्या आणि झोप लागली का म्हणून विचारावं तितक्या साधेपणानं विचारायच्या, "आज मरावंसं वाटतंय?"

कितीतरी दिवस उत्तर यायचं, "हो." त्या मान हलवायच्या आणि तिथून उठायच्या नाहीत. मग "थोडं." मग एकदा "माहीत नाही," आणि पुन्हा चार दिवस "हो." त्या चार दिवसांत टेलरबाई दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या.

आणि एका सकाळी, बाळ मांडीवर, केस अजून विंचरायचे, अशी सून वैतागून म्हणाली, "आई, आधी चहा तरी घेऊ द्या हो."

टेलरबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून, तोंडावर हात दाबून, पोटभर रडल्या. चहा उतू जायला लागला तेव्हा गॅस सुनेनंच येऊन बंद केला.