आत्याने फी भरली

होडीवाली आत्या कुणालाही सरळ होडीत घेत नसे. आधी पाय धुवायला लावी, मग पिशवी झटकायला. पळसदरीच्या धरणापलीकडे गावाची भातशेती; भाताचे भारे तिच्याच होडीतून अलीकडच्या खळ्यावर येत. पाण्यात जांभळ्या फुलांची जलपर्णी पसरू लागली आणि तिचा तुकडा कुणाच्याही पायाला-पिशवीला चिकटून येईल म्हणून आत्याला जो तो संशयित वाटू लागला.

जलपर्णी काढायच्या नावाखाली धरणाच्या सरकारी कचेरीने होड्यांवर परवाना फी बसवली. आम्ही गावातल्या पोरांनी शिळफाट्यावर पत्रकं वाटली : फी भरू नका, ही लूट आहे. मी आजही तेच म्हणतो. आत्याने पत्रक उलटसुलट करून पाहिलं.

"याचं तुला काय मिळतं रं?"

"काही नाही, आत्या."

"मंग तर तुजा आजूनच भरवसा नाय."

आणि तिने सरळ फी भरली. मी चिडलो, तर म्हणाली, "आता त्यांना इचारायला माजं त्वांड मोकळं झालं."

दर बाजाराच्या दिवशी ती कचेरीच्या दारात. "मानसं कवा धाडताय?" साहेबाने चहा मागवला तर शिवायची नाही. "च्या पाजतोय म्हंजे काम टाळायचं हाय."

भाद्रपदात बायका गौरीच्या तेरड्यात ती जांभळी फुलं मुळासकट खोवू लागल्या. दिसायची छान. विसर्जनाला आत्या पाण्याच्या कडेला उभी राहिली आणि एकेक गौर चाचपून ते देठ ओढून काढू लागली.

"देवीच्या अंगाला हात लावतीस गं?" पोलीस पाटलाची बायको कडाडली.

"देवी जाईल माघारी. ह्ये जायाचं नाय."

त्यानंतर निम्मं गाव तिच्याशी बोलेना. तिला फरक पडला नाही. बोलणाऱ्यांवरही तिचा विश्वास कुठे होता?

पुढच्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत ती अंथरुणाला खिळली. मी आनंदाने सांगायला गेलो, कचेरीची माणसं आली, जलपर्णी काढली.

"बगितलंस का ऐकलंस?"

ऐकलं होतं.

"जा, बगून ये. पार पल्याडपातूर."

गेलो. रस्त्यावरून साहेबाच्या जीपमधून दिसेल तेवढंच पाणी मोकळं होतं. वळणापुढे होडीची वाट हिरवीगार बुजलेली, आणि पलीकडे कापलेलं भात तसंच पडून. संतापाने पाय आपटत परतलो, तर आत्याच्या अंगणात माणसं जमली होती.

मी आणलेली बातमी अगदी तिच्या मनासारखी होती. ऐकली असती तर तशीच उठून कचेरीत गेली असती.