तानूबाईचा कानतुटका कप

"डाव्या बाजूला कॅव्हिटी आहे," डॉक्टर म्हणाले आणि उजेडापुढं धरलेली एक्स-रेची प्लेट त्यांनी माझ्याकडं वळवली. कॅव्हिटी म्हणजे फुप्फुसाला पडलेलं भोक. मला त्यात भोक दिसलं नाही, नुसता धूर दिसला. आणि खरं सांगते, त्या घडीला मी दिवस मोजत होते. माझ्या दोन वर्षांच्या सेवेचे तेवीस दिवस उरले होते.

मग डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या खोलीत आणखी कोण झोपतं?"

आणखी कोण म्हणजे रूथ. ती बाहेर बाकावर दोघींच्या छत्र्या मांडीवर घेऊन बसली होती.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती. मी नगरची, रूथ जालन्याकडची. मिशनच्या सेवेत बायकांना जोडीनंच पाठवत. नियम असा की जोडीदारणीनं जोडीदारणीला नजरेआड करायचं नाही. जेवण, प्रार्थना, नदीवर धुणं, सगळं एकत्र, आणि झोपणंही एकाच छपराखाली. प्रभूचं वचन सांगायला आम्हांला गगनबावड्याकडची गावं दिली होती. रूथच्या ट्रंकेत नर्सिंग शाळेचं पत्र होतं. सेवा संपली की तिला तिथं जायचं होतं. ती ते पत्र इतक्या वेळा काढून वाचायची, की घडीवर कागद फाटायला आला होता.

खोकला मला ज्येष्ठात लागला. घाटमाथ्यावरचा पाऊस, भिंतींना ओल, खोलीला एकच खिडकी. गार वारा लागला की मला जास्त खोकला यायचा, म्हणून मी त्या खिडकीत पोतं कोंबून टाकलं. रूथ आल्याचा काढा करून द्यायची. श्रावणात एकदा रुमालावर सुपारीएवढा लाल डाग पडला. "हिरडीतून येतंय गं," मी तिला म्हटलं. तिनं विश्वास ठेवला.

का लपवलं? आदल्या वर्षी आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, एक मुलगी मुदत पुरी न करता घरी परतली होती. कुणी तिला का म्हणून विचारलं नाही, नुसते बघायचे. माझे वडील देवळात पहिल्या बाकावर बसतात. शिवाय महिना-सव्वा महिनाच तर उरलाय, तो कसाही निघेल, असं वाटायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची! ती मूठ उघडली तेव्हा आत काय निघालं, ते पुढं सांगतेच.

अगदीच निष्काळजी नव्हते हो मी. उष्ट्यातून रोग लागतो, एवढं ऐकून होते. म्हणून माझं ताट-वाटी मी गुपचूप वेगळी केली. आणि त्याच शहाणपणानं तानूबाईचा कप नाकारला.

तानूबाई गावकुसाबाहेर एकटी राहायची. घाटरस्त्याच्या कामावर खडी फोडायची. माझे आजोबा ब्राह्मणातून ख्रिस्ती झाले, ही बातमी तिला आमच्या आधी पोचली होती. पहिल्या दिवशी तिनं गुळाचा कोरा चहा केला आणि घरातला एकुलता एक कानतुटका कप माझ्यापुढं सरकवला. "बामनाची हायस म्हनं. पी बघू." मी प्याले. मग रूथ, मग ती स्वतः, त्याच कपातून. तेव्हापासून दर गुरुवारी तसंच. दोन वर्षं तिनं आमचं ऐकून घेतलं, वाद घातला, टिंगल केली, आणि शेवटी म्हणाली, "तुमी जायच्या आदल्या ऐतवारी घेतो बाप्तिस्मा."

रक्त पडल्यानंतरच्या गुरुवारी मी म्हटलं, "आज चहा नको. पोट बरं नाही."

तिनं कपाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आनि फुडच्या गुरवारी?"

मी छत्री जवळ ओढली.

"दोन वरसं प्यालीस की. आता जायाची येळ आली, तवा जात आठवली व्हय?"

एक वाक्य पुरलं असतं. मी छत्री उचलली आणि बाहेर आले. वाटेत रूथ माझ्यावर ओरडली, "काय झालंय काय तुला?" मी म्हटलं, काही नाही.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. पुढच्याच आठवड्यात एस.टी.त बसल्या जागी माझ्या तोंडातून रक्त आलं. रूथनं गाडी गावाला थांबू दिली नाही, मला तशीच कोल्हापूरला दवाखान्यात आणली.

डॉक्टरांना मी अभिमानानं सांगितलं, की माझी भांडी मी वेगळी ठेवत होते. ते लिहिता लिहिता थांबले. "भांड्यांतून हा फारसा जात नाही, बाई. बंद खोलीत खोकलं की जातो. खिडकी उघडी ठेवायची होती."

म्हणजे जो कप मी नाकारला, त्यानं बहुधा कुणाचं काही बिघडणार नव्हतं. जी खिडकी मी बुजवली, तीच बाधणार होती. त्या बाकावर मी तोंडात पदर कोंबून रडले. रूथला वाटलं, मी मरणाला भ्याले.

तिची पहिली प्लेट स्वच्छ आली. मी देवाचे आभार मानले. घाई झाली.

मला दवाखान्याच्या मागच्या ओसरीत ठेवलं, इतरांपासून लांब. स्प्युटम, म्हणजे थुंकी, दर महिन्याला तपासायची. रोज कमरेत स्ट्रेप्टोमायसीनची सुई. हे क्षयाचं नवं औषध, पण त्यानं कानांत सतत कुंई वाजायचं. आठवड्याला ए. पी., म्हणजे बरगड्यांमधून सुई घालून आत हवा भरायची, की फुप्फुस दबतं आणि त्याला विसावा मिळतो. दुखायचं. त्याहून वाईट म्हणजे ताटकळणं. माझ्या कपाला आणि थाळीला लाल रंगाचा ठिपका लावला होता. झाडूवाली तो कप लांबून, काठीनं सरकवायची.

रूथनं तेवीस दिवस एकटीनं पुरे केले. चार महिन्यांनी, नर्सिंग शाळेत जाण्याआधी, तिची दुसरी प्लेट काढली. उजव्या बाजूला पॅच निघाला. पॅच म्हणजे डाग, रोगाची सुरुवात. शाळेनं नाही म्हणून कळवलं.

ते सांगायला ती स्वतः आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली.

"मला तुझा राग आलाय. फार आलाय. हे प्रार्थनेत सांगण्यापेक्षा तुलाच सांगते. मी तुला काढे करून देत होते गं. एक शब्द बोलली असतीस, तर मी खिडकी उघडली असती."

मी माफी मागितली. तिनं ऐकली आणि निघून गेली. उपचाराला ती जालन्याकडं राहिली. वर्षभरात तिचा डाग भरला, पण शाळेचं दार उघडलं नाही. आता ती मुलींना शिवण शिकवते.

जाण्याआधी तिनं आणखी एक काम केलं होतं. भेटीच्या वारी ओसरीच्या टोकाला तानूबाई उभी राहिली, हातात फडक्याचं गाठोडं.

"मेले, त्वांड शिवलं हुतं का तुजं? रूथबाईनं समदं सांगिटलं. चार म्हैनं शिव्या घातल्या तुला, त्या फुकट गेल्या की!"

मग तिला तो लाल ठिपक्याचा कप दिसला.

"ह्यो येगळा?"

"हो."

"हाटेलात आमचा कप भाईर खुट्टीला असायचा. आमीच धुवायचा, आमीच परत टांगायचा. आता कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. खरोखरच कळलं होतं. आजोबांपासून आमच्या घरात समतेवर प्रवचनं झाली, मी स्वतः दोन वर्षं दिली. पण काठीनं सरकवलेल्या कपातून पाणी प्यायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

तिनं गाठोडं सोडून कानतुटका कप माझ्या उशाशी ठेवला. "ह्येला ठिपका न्हाय. बरी झालीस की घिऊन ये."

दीड वर्ष लागलं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला खोकला असेल, तर माझं एवढं ऐका. पंधरा दिवसांत गेला नाही तर लाजू नका, आणि डॉक्टरच्याही आधी शेजारी झोपणाऱ्याला सांगा. औषधानं मी वाचले. डॉक्टरांचे, त्या सुयांचे माझ्यावर उपकार आहेत. पण आजारानं माझं जेवढं घेतलं नाही, तेवढं माझ्या गप्प बसण्यानं रूथचं घेतलं.

थुंकी तीनदा स्वच्छ आली, तेव्हा मी कप घेऊन तानूबाईकडं गेले. रूथलाही पत्र टाकून बोलावलं होतं. ती आली नाही. तानूबाईनं बाप्तिस्मा घेतला नव्हता, पुढंही घेतला नाही, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही.

"भोक बुजलं?" तिनं विचारलं.

"बुजलं."

"मग पी."

पूर्वीसारखी मी आधी प्याले. मग तिनं कप घेतला, दोन घोट प्याली, आणि तळाशी थोडा चहा ठेवून कप आमच्या मधोमध ठेवला.

"रूथबाईचा," ती म्हणाली.

आम्ही दोघी तिथं बसून राहिलो. चहा गार झाला.